बायोमेडिकलवाल्यांनो, ‘100% प्लेसमेंट’ला पैसे भरण्याआधी हे वाचा

एकूण 84,660 रुपये गेले. आकडा आधीच सांगून टाकते, कारण घरी, चौकीत, नातेवाइकांत पहिला प्रश्न तोच येतो. आणि तो ऐकला की समोरच्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं, एवढी शिकलेली मुलगी आणि अशी कशी फसली?

हो, शिकलेली आहे. बायोमेडिकलमध्ये बी.ई., म्हणजे हॉस्पिटलमधल्या मशीनचं इंजिनिअरिंग. ज्यांनी ही डिग्री केली त्यांना वेगळं सांगायला नको. आमच्या कॅम्पसला आल्या त्या सगळ्या आयटी कंपन्या. चार वर्षांत व्हेंटिलेटरचं झाकण उघडून बघायला मिळत नाही आणि बाहेर पडलं की हॉस्पिटल विचारतं, अनुभव किती? मला आलेली पहिली ऑफर महिना 14,000 ची, रात्रपाळी धरून. अशा वेळी पुण्यात सातारा रस्त्यावरचा एक क्लास म्हणतो, तीन महिने ट्रेनिंग, हॉस्पिटलमध्ये प्रत्यक्ष काम, सीबीईटी सर्टिफिकेट आणि नोकरीची हमी. मी भुलले नाही, हिशोब करून गेले होते. (सीबीईटी ही बायोमेडिकल उपकरणांच्या तंत्रज्ञांसाठीची अमेरिकेतल्या संस्थेची परीक्षा आहे, ती आपण द्यायची असते. कुठलाही क्लास ते सर्टिफिकेट छापून देऊ शकत नाही.)

रजिस्ट्रेशनचे 2,360. म्हणजे 2,000 वर 18 टक्के जीएसटी, पण पावतीवर जीएसटी नंबरच नाही. तुम्ही नंबर मागा आणि जीएसटीच्या पोर्टलवर टाकून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. कोर्सची फी 65,000. ती रोख घेतली नाही. ‘बिनव्याजी हप्ते’ म्हणून त्यांच्याच टेबलावर, माझ्याच फोनवरून एका फायनान्स कंपनीचं कर्ज करून दिलं. ते पैसे थेट क्लासच्या खात्यात आणि हप्ते माझ्या बोकांडी. टूलकिटचं ‘परत मिळणारं’ डिपॉझिट 7,500. टूलकिट म्हणजे एक मल्टिमीटर आणि स्क्रू ड्रायव्हरचा सेट, तोही शेवटी काढून घेतला.

भिंतीवर ‘सरकारमान्य’ची फ्रेम होती. नंतर नीट वाचली तर ती उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद. ती कुणीही घरबसल्या फुकट करतो, उद्या शेजारचा वडापाववालाही करेल. तिचा शिक्षणाशी काडीचा संबंध नाही.

आता तो दिवस, ज्याच्यावरून मी अजून रात्री उठून बसते. ‘लाइव्ह हॉस्पिटल ट्रेनिंग’ म्हणून आम्हाला एका नर्सिंग होममध्ये नेलं. एनएबीएचचं, म्हणजे हॉस्पिटलला दर्जाची मान्यता देणाऱ्या संस्थेचं, इन्स्पेक्शन तोंडावर आलं होतं. आयसीयूतल्या डिफिब्रिलेटरवर, म्हणजे हृदयाला शॉक देणाऱ्या मशीनवर, ‘कॅलिब्रेटेड’चा (मोजून तपासल्याचा) स्टिकर लावायचं काम माझ्याकडे आलं. मी विचारलं, सर, अॅनालायझर कुठाय? स्क्रीनवर 200 जूल दिसलं म्हणून मशीन 200 जूल देतंच असं नाही, ते 50 ओहमच्या लोडवर अॅनालायझर लावून मोजावं लागतं. हे मी परीक्षेत लिहून आलेय! सर म्हणाले, “टेस्टिंग सकाळीच झालंय मॅडम, तुम्ही डॉक्युमेंटेशन शिका.” पुढे इन्फ्युजन पंप, शिरेतून ठरावीक वेगाने औषध सोडणारे. प्रवाह मोजायला साधं मोजपात्र नाही, स्टॉपवॉच नाही. पण रिपोर्टमध्ये रीडिंग आधीच छापलेली, दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत, आणि तीन पंपांची तंतोतंत सारखी. तीन वेगळ्या पंपांची रीडिंग अशी जुळतात का कधी? मी त्या कागदावर बोट ठेवून उभी होते. पण कर्ज झालेलं होतं, प्लेसमेंट त्याच सरांच्या हातात होती. तिथे तोंड उघडून मी करणार काय होते? आम्ही शिकत नव्हतो, त्यांच्या धंद्याचे बिनपगारी स्टिकरवाले होतो. त्या नर्सिंग होमला मी नंतर लेखी कळवलं. पोचसुद्धा नाही.

मग ऑफर लेटर. मोठ्या हॉस्पिटलचं नाव, पण आलं जीमेलवरून. ‘मेडिकल आणि पोलीस व्हेरिफिकेशन’चे 9,800 भरा. चारित्र्य पडताळणीचा अर्ज आपला आपण ऑनलाइन करायचा असतो, फी किरकोळ असते. आणि नोकरी देणारा तुमच्याकडून पैसे घेत नाही, कधीच. हॉस्पिटलच्या एचआरने पत्र बघितलं आणि नकारार्थी मान हलवली. क्लासला कुलूप.

चौकीतले साहेब म्हणाले, “क्लास झाला ना? मग फसवणूक कुठं? हे दिवाणी मॅटर आहे.” ऑफर लेटर बनावट आहे म्हटलं, तर ते ईमेलवर आलं, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, फी तुम्ही समक्ष जाऊन भरली, ठाण्यात जा. ठाण्यात विचारलं, राहता कुठे? कोथरूड. मग तिकडे द्या. तिकडचे म्हणाले, क्लास कुठे आहे? मग तिकडेच द्या. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा दखलपात्र असेल तर हद्द कुठलीही असो, माहिती नोंदवून घ्यावीच लागते, 1 जुलै 2024 पासून. त्याची प्रिंट घेऊन गेले तर उत्तर काय? “मॅडम वकील आहात का?” बाबा तासन्‌तास त्या बाकावर बसून राहिले आणि हातात पडला तो फक्त तक्रार अर्जाचा शिक्का. एफआयआर नाहीच. फायनान्स कंपनी तर म्हणते, क्लासशी आमचा संबंध नाही, हप्ता चुकला तर सिबिल खराब होईल. बंद पडलेल्या क्लासचे महिना 5,417 मी अजून भरतेय.

ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930 लावा, उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात सरकतात. क्लासची फी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. आमच्या बॅचमधले काही जण मिळून तिथे तक्रार देतोय. बाकीच्यांनी लाजेखातर पावत्या फाडू नका. टूलकिटच्या 7,500 ची पावती तर नक्कीच ठेवा, मालकाची सही फक्त तिच्यावर आहे.