मराठा चेंबर की इंडो-जर्मन चेंबर?

भोसरीत बोल्ट बनवणारा एक मित्र परवा विचारत होता, "जर्मनीला माल पाठवायचाय. वर्गणी एकाच चेंबरची, म्हणजे उद्योजकांच्या एकाच संघटनेची, परवडेल. कुठली भरू?" मी विचारलं, "गिऱ्हाईक आहे?" म्हणाला, "तेच तर शोधायचंय."

मग इंडो-जर्मन चेंबर, असं कुणीही सांगेल. १९५६ ची संस्था, मुख्यालय मुंबईत, पुण्यात शाखा, शिवाय ड्युसेलडॉर्फलाही ऑफिस. दोन देशांतला व्यापार वाढवणं हाच त्यांचा धंदा. खरेदीदार शोधून देणं, प्रदर्शनांना शिष्टमंडळं नेणं ही त्यांची रोजची कामं. सरकारदरबारी बोलतानाही विषय तेच: आयातीतल्या अटी, भारत-युरोप करार. (त्या कराराची बोलणी २००७ ला सुरू झाली, २०१३ ला थांबली, २०२२ ला पुन्हा सुरू झाली. एवढ्यात आमच्या मित्राचे तीन लेथ जुने झाले.)

मराठा चेंबर १९३४ चं, पुण्याचं. त्यांच्या मागण्या घरच्या: वीज, रस्ते, लहान उद्योगांची थकलेली बिलं. जर्मनी हा त्यांच्या अनेक विषयांपैकी एक. पण निर्यातीचं सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, म्हणजे माल कुठल्या देशात बनला याचा दाखला, तिथून मिळतं, आणि पहिल्यांदा कागद भरणाऱ्याला मराठीत विचारता येतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता मित्राची खरी अडचण. त्याचे बोल्ट एचएस कोड (मालाच्या वर्गवारीचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) ७३१८ मध्ये येतात, म्हणजे युरोपच्या कार्बन कराच्या, सीबॅमच्या, यादीत. हा कर १ जानेवारी २०२६ पासून लागू आहे. भरायचा आयातदाराने, पण माल बनवताना किती कार्बन हवेत गेला, हा आकडा मागणार तो आपल्याकडेच. सीबॅमखालचा आयातदाराचा सगळा माल मिळून वर्षाला ५० टनांच्या आत असेल तर त्याला सूट. म्हणजे छोटं गिऱ्हाईक गाठलं तर डोकेदुखी कमी. पोलाद कुठल्या भट्टीतलं, याचा कागद मात्र मित्राकडे नव्हता. माल घेतो तो भोसरीतल्याच व्यापाऱ्याकडून, आणि बिलावर नुसतं 'राउंड बार' लिहिलेलं.

असा माणूस आज जर्मन खरेदीदारासमोर बसला तर पहिल्याच प्रश्नाला अडकेल. म्हणून मी म्हटलं, या वर्षी मराठा चेंबर. कागद लाव, एक-दोन कार्यशाळा कर. इंडो-जर्मनवाल्यांना फोन करून एवढंच विचार, की सभासद न होता फक्त खरेदीदार शोधायचं काम पैसे देऊन करून मिळेल का.

कागद आधीच हातात असते, तर हाच सल्ला मी उलटा दिला असता.