हाऊसिंग वर्क्सचं गांजाचं दुकान, ब्रॉडवे, न्यूयॉर्क

मागच्या शनिवारी नवऱ्याला घेऊन गांजाच्या दुकानात गेले, हो गांजाच्याच, न्यूयॉर्कमध्ये आता कायदेशीर आहे. हाऊसिंग वर्क्स ही संस्था १९९० पासून एड्स झालेल्या बेघर लोकांसाठी काम करते, त्यांचं हे दुकान २९ डिसेंबर २०२२ ला उघडलं तेव्हा राज्यातलं पहिलंच होतं आणि नफा संस्थेच्या कामाला जातो.

दारातच आयडी बघतात, २१ पूर्ण लागतात. आम्ही अगदीच नवखे, पण काउंटरवरच्या मुलाने जराही घाई न करता सगळं समजावलं, एका गमीत, म्हणजे गांजाच्या चघळायच्या गोळीत, नशेचा घटक १० मिलिग्रॅम असतो, सवय नसेल तर अर्धीच घ्या आणि दोन तास थांबा, लगेच दुसरी तोंडात टाकू नका. इतकं नीट तर औषधाच्या दुकानातही कोणी सांगत नाही.

पण मी गेले ते वेगळ्याच कारणासाठी. इथे २०२१ ला कायदा झाला आणि दुकानांची पहिली लायसन्सं कोणाला, तर ज्यांना किंवा ज्यांच्या घरच्यांना गांजाच्या केसमध्ये शिक्षा झालीये त्यांना, आणि अशा लोकांना मदत करणाऱ्या संस्थांना. इतकी वर्षं खिशात पुडी सापडली म्हणून काळ्या आणि लॅटिनो पोरांना उचललं, मग धंदा कायदेशीर झाल्यावर त्यांनाच बाहेर कसं ठेवणार? २०२३ च्या जानेवारीत ब्लीकर स्ट्रीटवर दुकान काढणारे रोलंड कॉनर स्वतः तरुणपणी जेलमध्ये जाऊन आलेले. फक्त त्या पहिल्या लायसन्सांची एक अट मला खटकते, अर्जदाराने आधी नफ्यातला धंदा चालवलेला हवा होता. जेलमधून सुटलेल्या किती जणांकडे तो असणार? बाकीच्यांना काउंटरवरची, गोदामातली नोकरीच लागते ना, म्हणून नोकऱ्या कोणाला मिळतात ते जास्त महत्त्वाचं. शहरात २०१५ पासून फेअर चान्स ॲक्ट आहे, नोकरीची ऑफर दिल्याशिवाय बहुतेक मालकांना जुन्या केसबद्दल विचारताच येत नाही.

माझ्या पुण्याच्या मामेभावाला हे मिळालं असतं तर! कॉलेजात असताना मोर्चातल्या मारामारीत नाव आलं, नंतर निर्दोष सुटला, तरी एका डिलिव्हरी ॲपने व्हेरिफिकेशनमध्ये ती केस दिसली म्हणून त्याचा आयडीच ब्लॉक केला, कोर्टाची ऑर्डर दाखवायला समोर माणूसच नाही, नुसता चॅट. दोन पोरं आहेत हो त्याला.

दुकानाला माझ्याकडून ५ पैकी ५. कॅश किंवा डेबिट कार्ड न्या. ६ नंबरच्या ट्रेनने ॲस्टर प्लेसला उतरलात की जवळच आहे. आणि एच-वन व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असाल तर कृपा करून काही घेऊ नका, केंद्राच्या कायद्यात गांजा अजून गुन्हाच आहे आणि इमिग्रेशनवाले केंद्राचा कायदा बघतात, आम्ही दोघं सिटिझन झाल्यावरच गेलो.