घरात रांगतं बाळ आणि जर्मन शेफर्ड: ठाणे-नवी मुंबईतले ब्रीडर कसे पारखावेत

फोटोवर भाव सांगून खारघरच्या सिग्नलला पिल्लू आणून देणारा ब्रीडर पहिल्याच फेरीत बाद. पिल्लाची आई प्रत्यक्ष दिसली पाहिजे. अनोळखी माणूस आत येताच ती भुंकून दोन मिनिटांत शांत होत असेल तर उत्तम. कोपऱ्यात दबून गुरगुरत असेल तर पिल्लू कितीही गोंडस असो, मागे फिरा. भित्रेपणा बराचसा रक्तातून येतो आणि बाळाच्या घरात तोच सगळ्यात धोक्याचा.

केनेल क्लबचे कागद वंशावळ सांगतात, तब्येत नाही. या जातीत खुब्याच्या सांध्याचा आजार आईबापांकडून पिल्लात येऊ शकतो, त्यामुळे आईबापांच्या खुब्यांचे एक्स-रे मागा, तेही वयाच्या एक वर्षानंतर काढलेले. ‘आमच्याकडे तसलं काही होत नाही’ हे उत्तर म्हणजे एक्स-रे काढलेलेच नाहीत.

कुत्र्यांची पैदास आणि विक्रीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी आणि आठ आठवड्यांआधी पिल्लू विकता येत नाही. पाच आठवड्यांचं पिल्लू ‘लवकर लळा लागतो’ म्हणून गळ्यात मारतात. भावंडांत न राहिल्याने त्याला चावा आवरणं शिकायलाच मिळत नाही. जंताच्या औषधाच्या तारखा लेखी घ्या, कारण गोलकृमीची अंडी रांगणाऱ्या बाळाच्या हातातून तोंडात जातात.

चांगला ब्रीडर उलट तुम्हालाच प्रश्न विचारतो: बाळ केवढं, दिवसा घरी कोण, फरशी गुळगुळीत आहे का? (ठाण्यातल्या फ्लॅटमध्ये असतेच, रबरी मॅट अंथरा.) बाळ वर्षाचं होईपर्यंत थांबा म्हणणारा भेटला, तर त्याचाच नंबर जपून ठेवा.