लहान लेकरांसाठी नाताळच्या लटकनांचं ऑनलाइन किट: घ्यावं की न घ्यावं

आधी निकाल सांगते. मूल आठ वर्षांच्या पुढचं असेल तर किट बिनधास्त घ्या. तीन ते सहा वर्षांच्या लेकरांसाठी घेणार असाल तर ते पैसे वाचवा. त्यातल्या निम्म्या पैशात घरच्या परातीत यापेक्षा चांगली लटकनं होतात आणि ती खरोखर लेकरांच्या हातची असतात.

मी जालन्यात राहते. चर्चच्या शब्बाथ शाळेत, म्हणजे बायबलच्या गोष्टी सांगणाऱ्या रविवारच्या वर्गांत, सगळ्यात लहान वर्ग माझ्याकडे आहे, साडेतीन वर्षांपासून सहापर्यंतची लेकरं. दरवर्षी नाताळच्या झाडाला लावायची लटकनं हीच लेकरं बनवतात. यंदा एका पालकांनी हौसेनं वर्गासाठी तयार किटं मागवून दिली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण याच धाटणीची किटं सगळीकडे मिळतात आणि बहुतेकांचा साचा एकच असतो. माझं म्हणणं त्या साच्याबद्दल आहे.

४४९ रुपयांच्या डब्यात बारा लटकनांचं सामान येतं. फेल्टचे कापून ठेवलेले आकार (झाड, घंटी, मोजा, सांताची टोपी), चमकीच्या फोमच्या चांदण्या, लोकरीचे छोटे गोंडे, हलणारे डोळे, मोत्यांची पुडी, बोथट प्लास्टिकची सुई, लाल-पांढरा सुतळीसारखा दोरा आणि डिंकाची इवलीशी ट्यूब. सामान हलकं नाही. फेल्ट जाड आहे, कडा सुटत नाहीत, रंग हाताला लागत नाही. दोरा तर मला इतका आवडला की उरलेला मी जपून ठेवलाय. चित्रांची पुस्तिकाही नीट आहे, वाचता न येणाऱ्यालाही क्रम कळतो.

मग अडचण कुठे आली? करायला काही उरलेलंच नव्हतं. झाड कापलेलं, भोकं पाडलेली, डोळ्यांच्या जागेवर ठिपके छापलेले. लेकरानं फक्त ठिपक्यावर डोळा चिकटवायचा. तोही चिकटत नाही, कारण मागचा कागद सोलायला नख लागतं आणि चार वर्षांच्या लेकराच्या नखाला तो कागद येत नाही. म्हणजे कागद मी सोलायचा, डिंक मी लावायचा, सुईत दोरा मी ओवायचा आणि लेकरानं वरून बोट दाबायचं. वर्गातली एक पोर घंटी हातात घेऊन बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, "बाई, हे तर आधीच बनेल हाय." तिला काही सुंदर हवं नव्हतं, तिला काम हवं होतं. डब्यावरच्या चित्रासारखं हुबेहूब झालं पाहिजे म्हणून मोठी माणसं हात घालतात आणि लेकरू बाजूला सरकतं. त्या दिवशी दोन आया आणि मी मिळून लटकनं केली असं म्हटलं तरी चालेल.

दुसरी गोष्ट गंभीर आहे. डब्यावर '३ वर्षांपुढे' असं छापलंय आणि आत ज्वारीच्या दाण्याएवढे मोती आहेत. खेळण्यांच्या सुरक्षेचं मानक असं सांगतं की, तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यातला तुकडा ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या ठरावीक नळकांड्यात पूर्ण मावत असेल, तर तो घशात अडकण्याचा धोका समजायचा. साडेतीन वर्षांचं लेकरू कागदावर त्या वयाच्या पुढे असतं, पण मोती नाकात घालायचा मोह काही वाढदिवसाला संपत नाही. शिवाय घरात धाकटं भावंड असतंच. भारतात १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय खूण सक्तीची आहे. या डब्यावर सगळ्या बाजूंनी शोधूनही मला ती दिसली नाही. लेकरांसाठी काहीही मागवताना डब्याच्या फोटोत ती खूण आधी शोधा, मग बाकीचं बघा.

आणि ती चमकी! फोमवरून सुटते, बोटाला लागते, बोट डोळ्यात जातं. प्लास्टिकची चमकी झाडूनही निघत नाही, नाल्यातून पुढे जाते. युरोपात सुट्या प्लास्टिकच्या चमकीवर ऑक्टोबर २०२३ मध्ये बंदी आली, ती उगीच नाही. माझ्या वर्गात आता चमकी येणार नाही.

किटात बर्फाचा माणूस आहे, रेनडिअर आहे, मोजा आहे. त्याला माझी हरकत नाही, लेकरांना ते कार्टूनमधून माहीत असतं. पण गव्हाणी नाही, उंट नाही, मेंढरू नाही. आदल्या रविवारी गोष्ट सांगितली मागी लोकांची (बाळ येशूला बघायला पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी माणसांची) आणि मेंढपाळांची, आणि हातात दिला मोजा. एका पोरानं सरळ विचारलं की उंट कुठाय. तो उंट शेवटी पिठाचा झाला, म्हणून आता पिठाकडे येते.

मीठ घातलेल्या पिठाची लटकनं जर्मनीकडे पिढ्यान्‌पिढ्या घरोघर होत आली आहेत आणि मराठवाड्याच्या डिसेंबरला ती अगदी मानवतात, कारण इथली हवा कोरडी आणि ऊन कडक. प्रमाण सोपं: दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ आणि साधारण एक वाटी पाणी. पाणी एकदम ओतू नका, शेवटचा पाव भाग हातानं अंदाज घेत घाला. खडेमीठ नको, दाणे टोचतात आणि वाळल्यावर पृष्ठभाग खरबरीत राहतो. मैद्याऐवजी कणीक चालते, लटकन बिस्किटासारखं तपकिरी दिसतं आणि मला तर तेच जास्त आवडतं. गोळा पुरीच्या पिठाइतका घट्ट हवा. दहा मिनिटं चांगला मळा, नाहीतर वाळताना भेगा पडतात. मळायचं काम लेकरांना द्या. परातीभोवती चार-पाच जण बसवले की मुठी आपटत ती इतकी रमतात की तुम्ही निवांत पुढची तयारी करू शकता.

लाटायचं अर्ध्या सेंटीमीटरच्या आसपास. जाड झालं तर आतून ओलं राहतं आणि पातळ झालं तर कडा वर वळतात. साचे विकत आणू नका. लहान बांगडीनं गोल निघतो, बाटलीच्या झाकणानं छोटा गोल, करंजीच्या कातणीनं नागमोडी कडेची चांदणी. दोऱ्याचं भोक पाडायला रिकामी रिफील घ्या आणि भोक आत्ताच पाडा, वाळल्यावर पाडायला गेलात तर लटकन दुभंगतं. भोक कडेपासून बोटभर आत असू द्या.

उंट विचारणाऱ्या त्या पोरानं गोळा हातात घेतला, लांबट केला आणि एका टोकाला चिमटीनं मान ओढली. पाठीवर वशिंड काही जमेना. मी हात पुढे करणार तेवढ्यात त्यानं खालून अंगठा घालून पीठ वर ढकललं. उंचवटा आला आणि खालच्या बाजूला त्याच्या अंगठ्याचा ठसा राहिला, रेघांसकट. पाय तीनच झाले. ते लटकन आता वाळून कडक झालंय, उलटं केलं की तो अंगठा स्पष्ट दिसतो. त्याच्या आईनं ते झाडावरून उतरवून घरी मागितलंय. किटातला एकही मोजा कुणी घरी मागितला नाही.

वाळवायला गच्चीवर, वरून पातळ सुती कापड, रोज एकदा उलटायचं. दोन-तीन कडक उन्हं पुरतात, संध्याकाळी मात्र आत आणायचं, दवानं मीठ ओल धरतं. ओव्हन असेल तर १०० ते १२० अंशांवर दोन-तीन तास. घाईनं तापमान वाढवलं की पोटात हवा धरून लटकन फुगतं. रंगाला साधे पोस्टर कलर, नाहीतर गेरू. गेरू कणकेच्या तपकिरीवर फार शोभतो. रंग वाळला की फेव्हिकॉल पाण्यात पातळ करून एक हात द्या.

एक जपा. लेकरू पीठ चाटून बघणारच, खारट लागलं की बहुतेक लेकरं थुंकून टाकतात. पण गोळा खाऊ देऊ नका, एवढं मीठ लहान पोटाला चांगलं नाही. घरात कुत्रं असेल तर पीठ आणि लटकनं दोन्ही त्याच्या तोंडाला लागणार नाहीत अशी ठेवा, त्याच्यासाठी ते विषासारखंच आहे.

पिठाखालोखाल मोसंबी. परदेशात संत्र्याच्या चकत्या वाळवून झाडाला लावतात. आपल्याकडे भौगोलिक मानांकन मिळालेली जालन्याची मोसंबी असताना दुसरं काही शोधायची गरजच काय! अर्ध्या सेंटीमीटरच्या चकत्या कापा (हे काम मोठ्यांचं), टॉवेलमध्ये दाबून रस टिपा, जाळीवर जाळी झाकून उन्हात ठेवा किंवा ओव्हनमध्ये १०० अंशांवर तीन-चार तास, मधूनमधून उलटत. वाळलेली चकती उजेडासमोर धरली की फाकीन्‌फाक दिसते, मधासारखा रंग येतो. बिया गळून पडलेल्या जागी आपोआप भोकं असतात, तिथूनच दोरा ओवायचा. बारक्यांना अख्खी मोसंबी द्या आणि वाटीभर लवंगा. तुम्ही दातकोरणीनं सालीला टोचे मारा, त्यात लवंग खोचायचं काम त्यांचं. वर्गभर वास सुटतो आणि सगळ्यात चुळबुळ्या पोराचेही हात त्या कामात गुंततात. लवंग नाकात घालणारा कोण आहे ते मात्र आधी ओळखून ठेवा.

कापूस तर या दिवसांत घरात असतोच. सांताच्या दाढीला किटात पॉलिस्टरचा पुंजका होता, आम्ही तो काढून सरकीसकट आपला कापूस लावला, मेंढरांनाही तोच. गव्हाणी ज्वारीच्या धाटांची केली, कारण खरी गव्हाणही कडब्यानंच भरलेली असते हे वर्गातल्या निम्म्या लेकरांनी आजोळी पाहिलेलं आहे. धाटाची साल धारदार असते, ती आधी मोठ्यांनी काढायची. आतला मऊ भेंड लेकरांना द्या, त्यात काडी सहज घुसते. जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदाच्या पट्ट्यांचे गोलही छान होतात. देवाचं चित्र असलेला भाग मी बाजूला काढून ठेवते, कुणाच्या श्रद्धेच्या वस्तूला कात्री लावायची नाही.

रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं, इतका इकडचा ख्रिस्ती समाज जुना आहे. माझी आजी घोटीव कागदाच्या पताका आणि पतंगी कागदाची चांदणी करायची, खळ घरची. ती चांदणी वाकडी असली तरी दाराला लागायचीच. लेकरांच्या हातचं काम दर्शनी जागी लावायचं, हा मान मला किटातल्या कुठल्याही सामानापेक्षा मोठा वाटतो. म्हणून यंदा मी मोठ्यांनी केलेली फेल्टची लटकनं झाडाच्या मागच्या बाजूला लावली आणि तीन पायांचा उंट समोर.

बाहेरून आणायचं उरतं ते रंग, ब्रश आणि दोरा. सदर बाजारातल्या एका स्टेशनरीच्या दुकानात हे सगळं सुटं मिळतं, आणि त्या दुकानाला माझे पाचपैकी पाच. दुकानदार काका अख्खं पाकीट गळ्यात मारत नाहीत. लाल रिबीन दोन मीटर मागितली तर दोन मीटरच देतात, वर "लेकरांसाठी आहे का?" असं विचारून जाड दांड्याचे ब्रश पुढे करतात. बारीक ब्रश लहान मुठीत धरता येत नाही, हे किट बनवणाऱ्यांना सुचलं नाही, त्यांना सुचलं. वर्गभराचं सामान एका किटाच्या निम्म्या किमतीत आलं. नाताळाच्या आधीच्या आठवड्यात तिथे फार गर्दी असते, त्यामुळे डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातच जा.

किटाला पाचपैकी अडीच. फेल्ट, सुई आणि दोऱ्याचे गुण पूर्ण दिले, वयाच्या चुकीच्या छापाचे आणि चमकीचे कापले. माझी दहा वर्षांची भाची त्याच डब्यातला मोजा टाके घालून एका दुपारी शिवून मोकळी झाली आणि तिला तो मनापासून आवडला, म्हणून मोठ्या वर्गाच्या बाईंना मी उरलेले डबे देऊन टाकलेत. मोती मात्र आधी काढून घेतले.

पिठाची लटकनं पुढच्या वर्षीसाठी ठेवायची असतील तर कागदात एकेक गुंडाळून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा आणि पावसाळा संपेपर्यंत डबा उघडू नका. मोसंबीच्या चकत्या त्यात घालू नका, त्यांना मुंग्या लागतात.