टॉवेल मघाशी नव्हता

यवतेश्वर घाट उतरताना पाय मुरगळून माझे एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतले अस्थिबंधन, तुटले. शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे उलटले तरी गुडघा पूर्ण सरळ होईना, तेव्हा साताऱ्यातच भाड्याच्या गाळ्यात बसणाऱ्या एका ‘फॅशियातज्ज्ञा’ला मी 33,000 रुपये मोजले: बारा बैठकांचे 26,400, पट्ट्याचे 4,850, तेलाचे 1,750, आणि सगळे रोख. बँकेत 27 वर्षे पावत्या फाडलेला माणूस मी. पण रात्री कुस बदलताना गुडघा ठणकू लागला की पावतीचे भान राहत नाही.

फॅशिया दाबून ‘मोकळा’ केला की गुडघा सरळ होईल, असे तो म्हणे. त्याचे बोलणे निम्मे खरे होते, हीच मेख. फॅशिया म्हणजे स्नायूंवरचे चिवट आवरण. मांडीच्या बाहेरच्या अंगाने त्याचा जाड पट्टा नडगीच्या हाडापर्यंत उतरतो. मात्र हा पट्टा अंगठ्याने दाबून ‘मोकळा’ होत नाही. मांडीचा फॅशिया एक टक्का दाबायलाही नेहमीच्या मर्यादेबाहेरचा जोर लागतो, असे 2008 मधल्या एका गणिती अभ्यासात निघाले होते. मी ते वाचले पैसे गेल्यावर.

तिसऱ्या बैठकीत त्याने आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो दाखवले. दुसऱ्यात माझ्या टाचेखाली निळ्या काठाच्या टॉवेलची गुंडाळी होती. टाच उचलून ठेवली की गुडघा आपल्याच वजनाने खाली बसतो. “अहो, हा टॉवेल मघाशी नव्हता,” पत्नी म्हणाली, आणि मी तिलाच गप्प केले. फोटो काढायचेच असतील तर दोन्ही वेळा पाय तसाच ठेवायला लावा.

‘स्नायू आवळले की फॅशिया चिकटतो’ म्हणून त्याने मांडीचे व्यायामही बंद करवले. असे सांगणाऱ्याच्या दारातून तिथूनच परत फिरावे. सहा आठवड्यांनी फिजिओथेरपिस्टने टेप लावली, तेव्हा ती मांडी दुसरीपेक्षा 3 सेंटीमीटर बारीक भरली.

पोलीस म्हणाले, पैसे तुम्ही राजीखुशीने दिलेत, बाब दिवाणी आहे. आरोग्य खात्यात उत्तर मिळाले की तो डॉक्टर नाही, म्हणून आमच्या कक्षेत येत नाही. म्हणजे पदवी नसणे हेच त्याचे संरक्षण! तिथून मला पुन्हा ठाण्यात धाडले, ठाण्यातून पुन्हा खात्यात, आणि दर खेपेला कुबडी टेकत दोन जिने. नोंदणी क्रमांक पहिल्याच दिवशी विचारा. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवली आहे. तिथेही पहिला प्रश्न पावतीचाच होता.

व्यायाम पुन्हा सुरू केले आहेत. मांडी दीड सेंटीमीटर भरली, दीड अजून बाकी आहे.