डीव्हीआर, आयपी की वाय-फाय? चार कॅमेऱ्यांच्या दुकानासाठी

चारपाचशे चौरस फुटांचं किराणा, कापडाचं किंवा मेडिकल दुकान. एक कॅमेरा दारावर, एक गल्ल्यावर, दोन आत. एवढ्याला कॅमेरेवाला तीन पर्याय दाखवतो: डीव्हीआर (जुन्या पद्धतीच्या कॅमेऱ्यांची रेकॉर्डिंगची पेटी), आयपी (नेटवर्कच्या वायरीवर चालणारे कॅमेरे) आणि वाय-फाय, आणि किमतीतला फरक सांगून थांबतो. खरा फरक वायर, वीज आणि रेकॉर्डिंग राहतं कुठे, यात आहे.

डीव्हीआर अजून बाद झालेला नाही. २ मेगापिक्सेलचं चित्र त्यातही मिळतं. थ्री प्लस वन वायर (चित्राची एक जाड आणि बाकीच्या तीन बारीक तारा एकत्र असलेली) आधीच भिंतीत गेली असेल आणि शाबूत असेल, तर ती उपटून आयपीवर जाण्यात अर्थ नाही. डीव्हीआर आणि कॅमेरे तेवढे बदला. चार कॅमेऱ्यांना १२ व्होल्ट ५ अँपिअरचा एसएमपीएस (कॅमेऱ्यांना वीज देणारा डबा) पुरतो. पण त्या बारीक वायरीतून वीज ३०-४० मीटर नेली की व्होल्टेज पडतं. दिवसा सगळं ठीक, रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की कॅमेरा बंद-चालू व्हायला लागतो. मग बिचारा कॅमेराच बदलला जातो. लांबच्या कॅमेऱ्याला जवळून वेगळा अडॅप्टर दिला की भागतं. दुसरं दुखणं बीएनसी पिनांचं, म्हणजे चित्राची वायर जोडायच्या पिनांचं: नुसत्या पिळून बसवलेल्या असतील तर कोकण-गोव्याच्या दमट हवेत गंजतात आणि चित्रात रेषा येतात.

नवं दुकान असेल, फर्निचर व्हायचं असेल, तर आयपीच घ्या. कॅट-६ ची एकच वायर, वीज आणि चित्र दोन्ही त्यातून, १०० मीटरपर्यंत. पीओईत (नेटवर्कच्या वायरीतूनच वीज देण्याच्या या पद्धतीत) वीज ४८ व्होल्टच्या आसपास जाते, म्हणून वरचा त्रास जवळजवळ नाहीच. वायर मात्र पूर्ण तांब्याचीच मागा. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या वायरीवर कॅमेरे मध्येच रीस्टार्ट होतात. कंपनीचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला आणि नवा स्वतःकडे ठेवा, बसवणाऱ्याकडे नाही.

वाय-फाय कॅमेरा एका खोलीच्या दुकानाला किंवा टपरीला चालतो, त्यापुढे नाही. रेकॉर्डिंग सहसा कॅमेऱ्यातल्याच कार्डवर असतं. कॅमेरा गेला की पुरावाही गेला. १२८ जीबीच्या कार्डवर जेमतेम पाच-सहा दिवस मावतात.

किती दिवसांचं रेकॉर्डिंग हवं, हा प्रश्न दुकानदार सहसा विचारत नाहीत. एका कॅमेऱ्याला २ एमबीपीएस (सेकंदाला २ मेगाबिट) धरले तर चार कॅमेऱ्यांचे दिवसाला सुमारे ८६ जीबी होतात. १ टीबीची डिस्क अकरा दिवसांत भरते. स्टॉकची तूट महिनाअखेरीच्या मोजणीत कळते, तोवर तो दिवस पुसला गेलेला असतो. महिनाभरासाठी ४ टीबी घ्या, आणि ती सर्व्हेलन्सची, म्हणजे चोवीस तास रेकॉर्डिंगसाठी बनवलेली डिस्क असू द्या.

लेन्सवर मात्र भांडून घ्या. अनोळखी माणसाचा चेहरा नीट ओळखायला एक मीटर रुंदीत सुमारे २५० पिक्सेल लागतात. २ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात २.८ एमएमच्या लेन्सला हे साधारण तीन मीटरपर्यंतच जमतं, ६ एमएमला सात-आठ मीटरपर्यंत. सगळीकडे २.८ बसवणं कॅमेरेवाल्याला सोपं: अख्खं दुकान दिसतं, चोर कोण ते दिसत नाही. आत २.८ चालेल, दारावर आणि गल्ल्यावर अंतर मोजून ठरवा. दारावरचा कॅमेरा सात-आठ फूट उंचीवर, डब्ल्यूडीआर (उजेड आणि सावली दोन्ही सांभाळण्याची सोय) असलेला. नाहीतर दुपारच्या उजेडात येणारं गिऱ्हाईक नुसती काळी सावली दिसतं. बारा फूट उंचीवर लावलात तर टोप्या मोजत बसाल.

कुठलाही पर्याय घ्या, रात्री शटर ओढताना मेन स्विच पाडायची सवय असेल तर सगळं फुकट. कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटरला वेगळा एमसीबी आणि छोटा यूपीएस द्या. रेकॉर्डर गल्ल्याखाली नको. चोर जाताना तोच उचलून नेतात. पोटमाळ्यावर, कुलपाच्या आणि हवा खेळत्या पेटीत ठेवा.

रेकॉर्डरचं घड्याळही महिन्यातून एकदा मोबाइलशी ताडून पाहा. आतला बटण-सेल संपला की वीज जाताच तारीख मागे जाते, आणि चित्रातली वेळ बिलाच्या वेळेशी जुळत नाही. चोरी झालीच तर त्या वेळेची क्लिप लगेच पेन ड्राइव्हवर काढा आणि रेकॉर्डरमधलं मूळ रेकॉर्डिंग पुसलं जाणार नाही असं पाहा. कोर्टात ती क्लिप दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागतं. त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा, तिच्यावरूनच काढलेला कोड) लिहावी लागते, म्हणून प्रत काढतानाच ती नोंदवून ठेवायला सांगा.