लॅबसाठी पॅकेज-कॅशे: स्क्विड की अ‍ॅप्ट-कॅशर-एनजी?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावची शाळा. डेबियन लिनक्सची पंधरा मशीन आणि सगळ्यांच्या मध्ये एकाच मोबाइलचं हॉटस्पॉट. तेच अपडेट पंधरा वेळा उतरवलं तर दुपारच्या आत डेटा खल्लास. म्हणून एका जुन्या मशीनवर कॅशे करणारा प्रॉक्सी बसवायचं ठरलं, म्हणजे एकदा उतरलेली फाइल साठवून बाकीच्या मशीनना देणारा मधला सर्व्हर. सर्वसाधारण वेब-प्रॉक्सी स्क्विड आणि खास पॅकेजसाठीचा अ‍ॅप्ट-कॅशर-एनजी, दोन्ही लावून पाहिले.

आधी स्क्विड, पोर्ट ३१२८. अपडेट बिनतक्रार व्हायचे, म्हणूनच दुखणं उशिरा कळलं: काही साठतच नव्हतं. मुळात त्याचा डिस्कवरचा कॅशे बंद असतो, जे असेल ते रॅममध्ये. आमच्याकडे वीज गेली की तेही साफ! डिस्क चालू केली, तर ४ एमबीपेक्षा मोठी फाइल तो ठेवेना. ही मर्यादा वाढवता येते, पण ती ओळ सेटिंगच्या फाइलमध्ये कॅशे-डिरच्या (डिस्कवरची जागा सांगणाऱ्या) ओळीच्या वर लिहावी लागते. खाली लिहून मी एक संध्याकाळ घालवली. शिवाय दोन मशीन दोन वेगळ्या मिररवर (त्याच पॅकेजच्या नकला ठेवणाऱ्या सर्व्हरवर) असतील, तर एकच पॅकेज दोनदा उतरतं.

अ‍ॅप्ट-कॅशर-एनजी (पोर्ट ३१४२) हे सगळं स्वतःच सांभाळतो. मिरर वेगळे असले तरी डेबियनचं पॅकेज एकदाच साठवतो, तेही थेट डिस्कवर. पण तो बोंब मारतो ती एचटीटीपीएसवर. अशी रेपो (पॅकेजचं ऑनलाइन भांडार) दिसली की सरळ ४०३, म्हणजे ‘परवानगी नाही’. त्याच्या सेटिंगमधल्या पास-थ्रू पॅटर्नमध्ये तिला मोकळीक दिली की काम होतं, फक्त ती साठत नाही. स्क्विड ती मुकाट्याने जाऊ देतो, साठवत तोही नाही. डेबियनच्या मुख्य रेपोला साधं एचटीटीपी लावायला भिऊ नका, पॅकेजची खातरजमा डिजिटल सहीवरून होते.

‘हॅश सम मिसमॅच’ (उतरलेली फाइल अपेक्षित फाइलशी जुळत नाही) असा एरर आला, तर आधी एका मशीनवरचा प्रॉक्सी काढून अपडेट चालवा. तसं चाललं तर कॅशेतली पॅकेजची यादी शिळी आहे. अ‍ॅप्ट-कॅशर-एनजीच्या रिपोर्ट पानावरून साफसफाई करा आणि मशीनवरच्या जुन्या याद्याही उडवा.

फक्त डेबियन-उबंटू असेल तर माझं मत अ‍ॅप्ट-कॅशर-एनजीला. मुलांच्या ब्राउझिंगवर लगामही हवा असेल, तरच स्क्विडची खटपट करा.

आणि ‘रिलीज फाइल अजून वैध नाही’ असं आलं, तर दोघांनाही शिव्या देऊ नका. मशीनचं घड्याळ मागे पडलंय, बहुतेक मदरबोर्डवरचा बटन सेल मेलाय.